एका कायद्याच्या दोन वाटा: नाशिकच्या सीमेवरची दारू, खैर आणि मोक्का

३१ डिसेंबर जवळ आला किंवा निवडणूक लागली, की पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरकडून नाशिकला येणाऱ्या रस्त्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथकं उभी राहतात. टेम्पोच्या हौद्यातला माल बाजूला करायचा, फळीवर टकटक करून खाली चोरकप्पा आहे का ते बघायचं, खोकं सापडलं की बाटली काढून बॅटरीच्या उजेडात लेबल वाचायचं. विक्रीची परवानगी फक्त दमण किंवा दादरा-नगर हवेलीपुरती आहे, असं त्यावर छापलेलं असलं की पंचनामा सुरू होतो. सीमेवरचे गुन्हे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काटेरी कुंपण येतं. ते काम केंद्राचं. पण पोलीस आणि दारू हे दोन्ही विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिले आहेत, त्यामुळे गुजरातमधल्या कपराड्याहून पेठला आणलेली बाटलीही राज्याच्या कायद्यात ‘आयात’ ठरते.

ही गोष्ट १८७८ पासून सांगायला हवी. त्या वर्षी मुंबई अबकारी कायदा आला आणि परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा झालं. त्याच वर्षी तिथल्या बेगमच्या मृत्यूनंतर पेठ संस्थान संपलं आणि थेट इंग्रजी अमलात आलं. मोहाची फुलं वेचून घरी दारू गाळणाऱ्या इथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी माणसांच्या दारात संस्थानाच्या जागी सरकार आलं आणि त्याच्याबरोबर अबकारीही आली. सरकारची पहिली चिंता महसुलाची होती, हे विसरू नये. शेजारचं सुरगाणा मात्र १९४८ पर्यंत संस्थानच होतं.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि पुढच्याच वर्षी राज्यभर दारूबंदी आली. १ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले, डांग गुजरातकडे गेलं, सुरगाणा-पेठ आपल्याकडे राहिले. कायदा मात्र दोघांच्याही वाट्याला तोच आला. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने १९६० च्या दशकात ती सैल करून परवान्यांची पद्धत आणली. म्हणजे सापुताऱ्याच्या घाटात वर एक नियम, खाली हातगडला दुसरा, आणि दोन्हीकडे पुस्तक मुळात एकच. त्यात १९६१ मध्ये दमण आणि दादरा-नगर हवेली भारतात आले. तिथे कर कमी, दारू स्वस्त. माझ्या मते नाशिकच्या पश्चिम सीमेवरची तस्करी कळायला करातली ही तफावत कळली तरी बरंचसं काम होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि देशभरातले विक्रीकर नाके उठले, पण पिण्याची दारू जीएसटीबाहेर राहिली. म्हणून उत्पादन शुल्काचा पहारा आजही आहे.

इकडून गुजरातकडे जातं ते खैराच्या झाडाचं लाकूड. काताला आणि गुटख्याला त्याची मागणी. १९२७ च्या वन कायद्यातल्या वाहतूक पासाशिवाय लाकूड हलवता येत नाही, आणि महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने खैर खाजगी मालकीच्या बांधावर असला तरी परवानगी लागते. हे दोन्ही कायदे ओंडका पकडतात आणि गाडी जप्त करतात. सीमेपलीकडे बसून माल घेणारा कोण, हे शोधायची ताकद त्यांच्यात फारशी नाही.

ती ताकद आणायचा प्रयत्न १९९९ मध्ये झाला. मुंबईतल्या टोळ्यांसाठी केलेला महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, आपला मोक्का. दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल असलेल्या टोळीला तो लागतो. अटकपूर्व जामीन नाही, आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एवढी धार आहे म्हणूनच उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तो लावता येत नाही, आणि ही अट कधीही सैल होऊ नये असं मला वाटतं.

पण मोक्का राज्याच्या हद्दीपुरता. गुजरातनेही २००३ मध्ये असंच विधेयक केलं, ते राष्ट्रपतींकडून पुन्हा पुन्हा परत आलं, आणि मंजुरी मिळायला २०१९ साल उजाडलं. म्हणजे तब्बल वीस वर्षं घाटाच्या अलीकडे मोक्का होता आणि पलीकडे तसा कायदाच नव्हता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हेगारी देशभर गुन्हा ठरवली. त्या कलमाच्या व्याख्येत मोक्काची भाषा जवळजवळ तशीच उतरली आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली, ती रस्ते, पाणी आणि दवाखान्यासाठी. रात्री खोकं किंवा ओंडका डोक्यावरून ओढ्यापार नेण्याची मजुरी ज्या पोरांना देऊ केली जाते, ती पोरं याच पट्ट्यातली. पंचनाम्यात पहिलं नाव आजही त्यांचंच लिहिलं जातं.