कोलारच्या खडकात सोनं आलं कुठून?

कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सबद्दल काहीही वाचायला घ्या, ब्रिटिश, जॉन टेलर कंपनी, १९०२ ला शिवसमुद्रमहून आलेली वीज, एवढंच सापडतं. सोनं तिथे मुळात जमलं कसं हे फार कमी जण सांगतात, आणि मला तर तीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

खाणीचा इतिहास थोडक्यात सांगतो. गावकरी माती धुवून सोन्याचे कण काढतात हे लेफ्टनंट वॉरनने १८०२ मध्ये नोंदवलं, १८७० च्या दशकात लव्हेल नावाच्या माणसाने खाणकामाचा परवाना मिळवला, १८८० ला टेलर कंपनी आली, मग चॅम्पियन रीफ ही गारेची (क्वार्ट्झची) शीर लागली आणि तिच्या मागे खोदत खोदत माणसं ३ किलोमीटरच्याही खाली गेली. एकूण साधारण ८०० टन सोनं निघालं, २००१ मध्ये खाण बंद झाली.

आता खडक. इथला काळपट हिरवा अ‍ॅम्फिबोलाइट म्हणजे सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी वाहिलेला लाव्हा, जो नंतर जमिनीच्या पोटात दाबला जाऊन, तापून पार बदलला. साध्या खडकात टनाला जेमतेम काही मिलिग्रॅम सोनं असतं, खाण चालायला काही ग्रॅम लागतं, म्हणजे हजार पटीने ते एका जागी गोळा व्हायला हवं. तर होतं असं की खडक ५०० अंशांच्या आसपास तापला की क्लोराइटसारखी खनिजं मोडतात, त्यांच्यात अडकलेलं पाणी सुटतं, सोबत कार्बन डायऑक्साइड आणि गंधक, आणि सोनं या गंधकाशी जोडी करून पाण्यात विरघळतं आणि भेगांमधून वर चढतं. वाटेत लोहयुक्त खडक भेटला की लोह गंधक ओढून घेतं, पायराइट बनतं, सोन्याची साथ सुटते आणि ते तिथेच बसतं. भेग फुटून दाब अचानक उतरला तरी तेच, शिवाय गारही त्याच भेगेत साचते, म्हणून गारेच्या शिरेत सोनं.

पण हे सगळं तापवलं कोणी? याचं उत्तर मिळेपर्यंत खाणीला उतरती कळा लागली होती. १९८० च्या दशकात हॅन्सन, राजामणी, क्रॉगस्टॅड, बालकृष्णन या भूवैज्ञानिकांनी या लाव्हाच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या नाइस खडकांमधली (नाइस म्हणजे उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) शिसं आणि निओडिमियमची समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजली. पश्चिमेच्या नाइसमध्ये फार जुन्या कवचाची खूण निघाली, पूर्वेच्या नाइसमध्ये नाही, म्हणजे हे दोन वेगळे भूखंड होते जे सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी एकमेकांना येऊन भिडले आणि लाव्हाचा पट्टा मधे चेपला जाऊन तापला. १९८९ ला हे छापून आलं तेव्हा एवढ्या जुन्या काळात भूकवचाच्या प्लेटा सरकत होत्या असं म्हणणं धाडसाचंच होतं. १९९८ मध्ये ग्रोव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी अशा सगळ्या साठ्यांसाठी ऑरोजेनिक गोल्ड (भूखंड भिडून डोंगर घडताना जमलेलं सोनं) हे नाव सुचवलं, त्यात ऑस्ट्रेलियातलं कॅल्गुर्ली येतं, आपलं कर्नाटकातलं हुट्टीही येतं.

ते पाणी नक्की कुठलं यावर मात्र अजून वाद आहे, काही जण खालून आलेल्या ग्रॅनाइटकडे बोट दाखवतात तर काही थेट मँटलकडे, म्हणजे कवचाखालच्या थराकडे. मला रूपांतरित लाव्हाचं म्हणणं जास्त पटतं, कारण गारेत अडकलेल्या त्या द्रवाच्या बारीक थेंबांत मीठ फारच कमी सापडतं, ग्रॅनाइटमधून सुटलेलं पाणी सहसा जास्त खारट असतं.