कॉन्फरन्सबाहेर राहिलं की विजेतेपद विसरा?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये स्वतंत्र संघाला, म्हणजे कुठल्याही कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठ संघांच्या गटात) नसलेल्या संघाला, राष्ट्रीय विजेतेपदाची दारं बंदच, म्हणून नोटर डेम विद्यापीठाच्या संघाने कुठल्यातरी कॉन्फरन्समध्ये जावं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. 2024च्या हंगामात विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये पहिल्या फेरीतून सूट फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होती; तरीही नोटर डेम अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिथे ओहायो स्टेटकडून 34-23 असा हरला.

स्वतंत्र म्हणजे एकाकीही नव्हे. इतर बहुतेक खेळांत नोटर डेम 2013पासून एसीसी या कॉन्फरन्समध्ये आहे, फुटबॉलमध्येही दरवर्षी साधारण पाच सामने एसीसी संघांशीच खेळतो. शिवाय 1991पासून एनबीसी या टीव्ही वाहिनीशी प्रक्षेपणाचा स्वतःचा करार आहे. ही मोकळीक त्याने सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. प्रत्येकाला मात्र हे झेपत नाही: ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा (बीवाययू) संघ 2011 ते 2022 स्वतंत्र राहिला, मग बिग 12 या कॉन्फरन्समध्ये गेला.