कौटुंबिक स्मृतिचरित्र

कौटुंबिक स्मृतिचरित्र : घरातील दिवंगत पुरुषाच्या (वडील, आजोबा, पती, भाऊ, मुलगा, काका, मामा) आयुष्याची त्याच्या आप्तांनी केलेली लेखी, ध्वनिमुद्रित वा चित्ररूप नोंद. मृत्युलेख निधनाची वार्ता देतो. जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण आहे एवढे सांगून थांबतो आणि काही तासांत लिहून होतो. स्मृतिचरित्राला सहा महिने ते दोन वर्षे लागतात. माणूस रोज कसा जगत होता, हा त्याचा विषय.

घरातल्या पुरुषाविषयी अशी नोंद करणे अनेकदा अवघड जाते. पुष्कळ पुरुषांनी माया बोलून दाखवलेली नसते, ती कामातून दिलेली असते. रात्री उठून पुन्हा तपासलेली दाराची कडी, मुलीच्या सायकलची बसवून दिलेली चेन, परीक्षा संपेपर्यंत केंद्राबाहेर काढलेले तीन तास यांची कुठे पावती नसते, पत्र नसते. म्हणून घरचे लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय’ ही तीन विशेषणे कागदावर येतात आणि माणूस निसटतो. ही विशेषणे हजारो माणसांना लागू पडतात. कडी तपासण्याची पद्धत त्या एकाचीच असते.

पूर्वपरंपरा : प्राचीन रोममध्ये मृताचा मुलगा किंवा जवळचा नातेवाईक भर चौकात त्याच्या आयुष्याचे भाषण करी. ही भाषणे घराघरांत जपून ठेवली जात. पण त्यांत न झालेले विजय आणि न मिळालेली पदे घुसडल्याने रोमचा इतिहासच बिघडला, अशी तक्रार रोमन वक्ता सिसेरो आणि इतिहासकार लिव्ही या दोघांनीही केली आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास आपले सासरे, सेनापती अ‍ॅग्रिकोला यांचे चरित्र लिहिले. जावयाने सासऱ्याचे लिहिलेले हे चरित्र आजही वाचले जाते. मराठीत रमाबाई रानडे यांनी पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्याबरोबरच्या संसाराच्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. सार्वजनिक जीवनातले न्यायमूर्ती इतरत्रही सापडतात, पण पत्नीला शिकवणारा नवरा या आठवणींतच भेटतो. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली. त्यांत पती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा लहरीपणा, संताप आणि औदार्य ही सारी एकाच मायेने सांगितली आहेत. दोष न लपवताही माणूस प्रिय राहतो, हे या लेखनाने मराठीत कायमचे दाखवून दिले.

कोणाला काय ठाऊक असते : मुले ज्या वडिलांना ओळखतात ते वडील अर्ध्या वाटेवर भेटलेले असतात. वयाच्या साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीचे मोठेपणी कोणाला सहसा आठवत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी बाप झालेल्या माणसाचे पहिले एकतीस-बत्तीस वर्षांचे आयुष्य त्यामुळे मुलांच्या स्मृतीत नसतेच. ते भावंडांकडे, शाळेतल्या मित्रांकडे, पहिल्या नोकरीतल्या सोबत्यांकडे असते. वृद्धांना स्वतःच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी सर्वांत ठळक असतात, त्यामुळे समवयस्क माणसे नेमका हाच काळ भरभरून सांगू शकतात. मात्र तीही त्याच्याच वयाची असतात. म्हणून आठवणी गोळा करताना घरातल्यांपासून सुरुवात करण्याची सवय मोडावी आणि सर्वांत वृद्ध, सर्वांत आजारी माणसाकडे आधी जावे. पत्नी, मुले, सून ही माणसे नंतरही भेटणार असतात.

पहिले महिने : या काळात लिहू नये, फक्त राखावे. खोली आवरण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत: कपाट उघडे ठेवून, टेबलाचा खण ओढून, चष्मा जिथे असायचा तिथेच असताना. पाकीट, खिशातल्या डायऱ्या, हिशेबाच्या वह्या, औजारांची पेटी यांची वाटणी पुढे ढकलावी. हिशेबाच्या वह्या लोक सर्वांत आधी रद्दीत टाकतात. हे मोठे नुकसान आहे, कारण कोणत्या महिन्यात कोणासाठी किती खर्च केला याचा एवढा खरा पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

सर्वांत लवकर हरवतो तो आवाज. चेहरा छायाचित्रांत राहतो, आवाज मात्र फोनमधल्या निरोपांत आणि समारंभाच्या चित्रफितीत चुकूनच सापडतो. फोनचा क्रमांक बंद करण्याआधी त्यातले ध्वनिसंदेश, छायाचित्रे आणि क्रमांकांची यादी उतरवून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते १२० दिवस वापरात नसले तर सामान्यतः काढून टाकले जाते. त्यामुळे ‘वर्षभराने निवांत बघू’ हा बेत येथे फसतो. उतरवलेल्या सामग्रीच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

मुलाखती : एक बैठक तास-दीड तासाहून लांबवू नये, त्यापुढे सांगणारा थकतो आणि ठरलेल्या गोष्टी पुन्हा सांगू लागतो. ध्वनिमुद्रण फोनवर करायचे तर तो विमान-अवस्थेत (एअरप्लेन मोड) टाकून बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवावा. पंखा बंद करावा. त्याची घरघर ऐकताना जाणवत नाही, पण ध्वनिमुद्रणात शब्द खाते. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे उच्चारावीत. एका तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणून एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त बैठका घेतल्या की कामाचा ढीग साचतो आणि उत्साह संपतो.

‘ते कसे होते?’ या प्रश्नाला ‘देवमाणूस होते’ असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘सकाळी उठल्यावर आधी काय करायचे?’, ‘कामावरून आल्यावर चपला कुठे काढायचे?’, ‘राग आला की गप्प बसायचे की आवाज चढायचा?’, ‘कोणाचे पैसे बुडाले होते का?’ असे विचारावे. जुने छायाचित्र हातात द्यावे. चेहऱ्यांपेक्षा मागची भिंत किंवा अंगातला सदरा पाहून जास्त आठवते. उत्तर संपल्यासारखे वाटले तरी पाच-सहा सेकंद थांबावे. खरी आठवण अनेकदा त्या शांततेनंतर येते, आणि घाईने पुढचा प्रश्न विचारणारा ती गमावतो.

तारखा आणि कागद : एका मोठ्या कागदावर चार रकाने आखावेत: वर्ष, त्याचे वय, घटना, आणि हे कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदावरून घेतले. वयाचा रकाना अनेक चुका पकडतो. दहाव्या वर्षी मॅट्रिक झालेला माणूस तिथे लगेच दिसतो. शाळेत नाव घालताना सांगितलेली जन्मतारीख खरी असेलच असे नाही, आणि निवृत्तीपर्यंतचे सगळे कागद तीच तारीख पुढे नेतात. म्हणून पाच कागदांवर एकच तारीख असली तरी तो एकच पुरावा धरावा. तोंडी सांगितलेले वर्ष मुलांचे जन्म, घराचे बांधकाम, महापूर अशा घट्ट घटनांशी ताडून पाहावे. दोन भाऊ एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगत असतील तर दोन्ही नोंदवावेत. मधला मार्ग काढून तिसराच प्रसंग तयार करू नये.

छायाचित्रे ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), शक्यतो टिफ (TIFF) या फाइल-स्वरूपात स्कॅन करावीत. मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या छायाचित्राला लागते. चिकट पानांचे अल्बम आणि चिकटपट्टी छायाचित्रांना डाग पाडतात. वृत्तपत्राच्या कागदातील लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे कात्रण पिवळे पडून ठिसूळ होते, म्हणून ते इतर कागदांपासून वेगळे ठेवून त्याची प्रत काढून घ्यावी. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा निघत नाही.

लेखन : बारा ते पंधरा प्रसंग, प्रत्येकी दोनशे ते चारशे शब्दांचे, एवढे साहित्य एका पुस्तिकेला पुरते. जन्मापासून मृत्यूपर्यंत सलग लिहिण्याचा हट्ट धरला तर मधली नोकरीची पंचवीस वर्षे बदल्यांची यादी होऊन बसतात. त्या काळासाठी एकच साधा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, पूर्ण लिहावा. त्याच्या तोंडचे शब्द, हाक मारण्याची पद्धत आणि बोलीतले रूप जसेच्या तसे ठेवावे. प्रमाणभाषेत सुधारलेले वाक्य त्याचे राहत नाही. शोकसभेत वाचायचा मजकूर वेगळा करावा: सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, तेव्हा पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द पुरेत.

पहिल्या मसुद्यात हमखास होणारी चूक म्हणजे शेवटच्या आजाराने अर्धी जागा व्यापणे. लिहिणाऱ्याच्या मनात रुग्णालयाचे दिवस सर्वांत ताजे असतात, त्यामुळे हे होते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ते तीन महिने असतात. त्यांना एक दशांशाहून जास्त जागा देऊ नये. दुसरी चूक पत्नीविषयी. ‘कुटुंबवत्सल’ म्हणून गौरवलेल्या माणसाचे घर कोणाच्या कष्टांवर उभे होते, हे त्याच्या चरित्रात आले पाहिजे. नाहीतर ते चरित्र अपुरे.

व्यसन, कर्ज, मारहाण, दुसरे घर, आत्महत्या या गोष्टी लिहाव्यात की नाहीत याला एकच उत्तर नाही. हयात माणसाला जे भोगावे लागेल ते त्या माणसाच्या संमतीशिवाय लिहू नये. पण त्याउलट घडल्याचे खोटेही लिहू नये. ज्याला त्याचा जाच झाला त्या मुलाला किंवा भावाला स्तुतीत सामील होण्याची सक्ती करू नये; त्याचे मौन मान्य करावे.

शोक आणि लेखन : मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ मध्ये, शोकाचे काम म्हणजे मृतापासून मन सोडवून घेणे, अशी मांडणी केली. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते, असा विचार पुढे आणला. स्मृतिचरित्राचे काम याच्याशी जुळते. पेनबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या प्रयोगात सहभागी व्यक्तींनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, क्लेशकारक अनुभवांविषयी लिहिले. लिहिल्यावर लगेच मन अधिक जड झालेले आढळले. म्हणून झोपण्यापूर्वी लिहायला बसू नये, आणि काही आठवडे काम बाजूला ठेवावेसे वाटले तर खुशाल ठेवावे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोकाने रोजचे जगणेच अडत असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी.

मसुदा छापण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा. नावे आणि नाती तिथेच दुरुस्त होतात. शेवटी संकलनाची तारीख आणि आठवणी सांगणाऱ्यांची नावे द्यावीत, आणि आठ-दहा पाने कोरी सोडावीत. पुस्तिका हातात पडल्यावर लोकांना आणखी आठवते, ते त्या पानांवर उतरवता येते.