लाल शाईतला ‘हिरवा’

‘सायकॉलॉजी घेतलंस? मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय!’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एसटीतही ऐकलंय. मानसशास्त्राचा विद्यार्थी मनकवडा नसतो. प्रॅक्टिकलच्या तासाला तो स्टॉपवॉच घेऊन सेकंद मोजत असतो.

आमच्याकडे जोड्या असतात. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. पुढच्या वेळी अदलाबदल. मी प्रयुक्त झाले तो पहिला प्रयोग स्ट्रूपचा. कार्डावर रंगांची नावं, पण शाई भलत्याच रंगाची. ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईत दिसला, तर म्हणायचं ‘लाल’. चौथ्याच शब्दाला जीभ अडखळली. शेवटी प्रयुक्ताने अंतर्निरीक्षण, म्हणजे प्रयोगात मनात काय घडलं ते, लिहायचं असतं. मी लिहिलं: ‘शब्द वाचायचा नव्हता, वाचला गेला.’

जॉन रिडली स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाने हा प्रयोग १९३५ साली प्रसिद्ध केला. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. चौकोनांच्या जागी विसंगत शब्द येताच ११०.३! उलट, भलत्या शाईतले शब्द नुसते वाचायला ४३.३ सेकंद, आणि काळ्या शाईतले ४१. म्हणजे शब्द रंगाला अडवतो, रंग मात्र शब्दाला फारसा अडवत नाही.

हे असं एकतर्फी का? सोपं उत्तर असं की वाचन जलद होतं, म्हणून शब्द तोंडाशी आधी पोचतो. मग रंग आधी दाखवून शब्द थोडा उशिरा दाखवला, तर पारडं फिरायला हवं. प्रयोगांत ते फिरलं नाही. वेगापेक्षा महत्त्वाची ठरते ती सवयीने मळलेली वाट. मॅक्लाउड आणि डनबार या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली अनोळखी आकृत्यांना रंगांची नावं दिली आणि लोकांकडून ती घोकून घेतली. मग त्या आकृत्या भलत्याच रंगांत दाखवल्या. सुरुवातीला रंग आकृतीच्या नावाला अडवत होता. २० दिवसांच्या सरावानंतर आकृतीच रंगाला अडवू लागली! वाचन जन्मजात नाही; पहिलीपासून गिरवून ते इतकं अंगवळणी पडतं की थांबव म्हटल्याने थांबत नाही. न येणाऱ्या लिपीतला शब्द असा आड येत नाही.

म्हणूनच बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांचा मला राग येतो. त्यांना शास्त्रीय आधार नाही. ठसे जन्माआधीच ठरतात. घोकून घडलेली वाट त्यांत कुठून दिसणार?

पुढच्या आठवड्यात मी प्रयोगकर्ती होते. माझी प्रयुक्त मैत्रीण भराभर रंग सांगू लागली, एकदाही न अडखळता. वर बघितलं तर तिने डोळे किलकिले केले होते. अक्षरं पुसट झाली की वाचन होत नाही, रंग तेवढा उरतो. आम्ही ती वेळ खोडली, सूचना पुन्हा वाचली आणि स्टॉपवॉच शून्यावर आणलं.