शेजारधर्माची वाट आणि हक्काची वाट

"एकदा वाट दिली की रान गेलंच म्हणून समज." हे वाक्य तहसीलच्या आवारात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याचा थाट असा की कायद्याचं पुस्तक उशाला घेऊनच झोपत असावा. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य ठरलेलं: "बारा वर्षं वापरली की आपली." पहिल्या वाक्यापायी चांगला माणूससुद्धा शेजाऱ्याची गाडी रानातून जाऊ देत नाही. दुसऱ्यापायी कालपर्यंत विचारून जाणारा शेजारी एका सकाळी छाती पुढं काढून उभा राहतो. दोन्ही वाक्यं चुकीची, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घोळ आहे. परवानगीनं चालणं वेगळं आणि हक्कानं चालणं वेगळं, हे कुणी धड सांगत नाही.

शेजारधर्म म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायला नको. विहिरीवरची मोटर जळाली तर दोन पाळ्या पाणी द्यायचं, रात्रीची लाइट आली की शेजाऱ्याचीही मोटर चालू करून यायचं, पेरणीत बैल बसला तर आपला द्यायचा. सावड आणि इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबायच्या पद्धती, ज्या गावांत अजून टिकून आहेत तिथं तर याला मोठेपणाही कुणी म्हणत नाही. काढणीच्या वेळी शेजाऱ्याला आपल्या रानातून वाट देणं हे त्यातलंच. घोळ सुरू होतो तो इथून पुढं.

वाटेच्या हक्काचा कायदा जुना आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२चा, आणि जुन्या मुंबई इलाख्याला तो १८९१मध्ये लागू झाला. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क वहिवाटीनं मिळायचा असेल तर त्यात वीस वर्षांची अट आहे. हा वीसचा आकडा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो आणि तिथंच त्यांचं ऐकणं थांबतं. पुढच्या अटी कुणी वाचत नाही. वाट उघडपणे वापरलेली पाहिजे, शांतपणे वापरलेली पाहिजे, खंड पडता कामा नये, आणि ती "हक्क म्हणून" वापरलेली पाहिजे. यातल्या पहिल्या तिन्ही अटी साधारण कुठल्याही शेतवाटेला लागू पडतात. सगळा निकाल चौथ्या अटीवर लागतो.

उदाहरण घेऊ. पुढचं रान तात्यांचं, डांबरीला लागून. मागचं अण्णांचं. दर वर्षी ज्वारीच्या मळणीआधी अण्णा तात्यांच्या ओट्यावर येतात. "तात्या, मळणीयंत्र न्यायचंय. घालू का तुमच्यातून?" तात्या म्हणतात, "हरभरा निघाला की घाल. आणि पूर्वेच्या कडेनं जा, मधनं नको. गेल्या साली निम्मा वाफा तुडवलास." अण्णा मान हलवतात, चहा पितात, जातात. असं चाळीस वर्षं चाललं तरी अण्णांना वाटेचा हक्क मिळत नाही. त्यांनी दर वर्षी विचारलं, तात्यांनी दर वर्षी हो म्हटलं, कधी जायचं ते सांगितलं, कुठून जायचं ते सांगितलं. जिथं दुसऱ्याच्या होकारावर चालणं आहे तिथं चालणाऱ्यानं स्वतःच कबूल केलेलं असतं की हे माझं नाही. त्या होकाराची चाळीस वर्षं मोजा नाहीतर ऐंशी, बेरीज हक्क होत नाही.

आता शेजारचाच गट, म्हणजे नंबर पडलेला जमिनीचा तुकडा, पाहू. पुढचे बापू, मागचे नाना. नाना कधी विचारत नाहीत. बाराही महिने त्यांची गाडी बापूंच्या रानातून जाते, सकाळी खत, संध्याकाळी दूध. बापू घरी येऊन बायकोपोरांसमोर नानांचा उद्धार करतात, पण बांधावर नाना भेटले की "काय नाना, पाऊसपाणी?" एवढंच बोलतात. उगाच वाईटपणा कशाला. बापूंचं रान नांगरताना ट्रॅक्टर चाकोरीपाशी आला की ड्रायव्हर नांगर उचलतो आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा टाकतो. पेरताना ती पट्टी मोकळी सोडतात. अशी वीस वर्षं गेली आणि प्रकरण कोर्टात उभं राहिलं, की ती न नांगरलेली, दगडासारखी कडक झालेली, तण न उगवणारी पट्टीच नानांची साक्षीदार होते. नाना हक्क म्हणून गेले आणि बापूंनी ते वीस वर्षं तसंच चालू दिलं, असाच त्याचा अर्थ निघतो.

आता "वाट दिली की रान गेलं" हे वाक्य पुन्हा वाचा. तात्यांनी वाट दिली, त्यांचं काही गेलं नाही. बापूंनी वाट कधी दिलीच नाही, नुसती सोसली, आणि गेलं ते त्यांचं. तोंड उघडून "जा बाबा, खुशाल जा, पण हरभरा निघाल्यावर" म्हणणारा कायद्यानं सुरक्षित असतो. मनात कुढत गप्प बसणारा अडकतो. तरीही गावातले शहाणे सल्ला देतात तो शेजारधर्म सोडण्याचा. मला या सल्ल्याची खरंच चीड आहे. भीतीपोटी हो म्हणायचं नाही आणि भिडेपोटी नाही म्हणायचं नाही, असा हा सल्ला माणसाला नेमका बापूंच्या जागी नेऊन बसवतो.

मध्येच वाट अडवली तर वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची का? एखाद्या उन्हाळ्यात चार बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, समोरच्यानं त्या दुसऱ्या दिवशी बाजूला सारल्या आणि गाडी नेली, तर तो खंड धरत नाहीत. अडथळा आहे हे कळूनही समोरच्यानं तो एक वर्षभर निमूट मान्य केला तरच खंड पडतो. आणि वीस वर्षं कधीतरी आजोबांच्या काळात पुरी झाली होती, हेही चालत नाही. ती वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात.

बाराचा आकडा कुठून आला तेही सांगून टाकतो. १९६३च्या मुदतीच्या कायद्यात, दुसऱ्याची जमीनच मालकाविरुद्ध उघडपणे बारा वर्षं ताब्यात ठेवली तर मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. ते प्रकरण जमिनीच्या कब्जाचं आहे. रानातून गाडी नेणारा त्या रानाचा कब्जेदार नसतो. तेव्हा वाटेच्या भांडणात बारा वर्षं सांगणाऱ्याचं पुढचं काही ऐकू नका. सरकारी जमिनीवरून वाट असेल तर वीसऐवजी तीस वर्षं लागतात, एवढंच.

वर्षं मोजावी न लागणारी एक वाट आहे, आणि भाऊबंदकीतली भांडणं बहुतेक तिच्यावरून होतात. एक गट दोन भावांत वाटला, थोरल्याला रस्त्याकडची बाजू गेली आणि धाकट्याला मागची. धाकट्याला थोरल्याच्या हिश्श्यातून गेल्याशिवाय रान गाठताच येत नसेल, तर ती वाट वाटणीबरोबरच जन्माला येते. वाटणीपत्रात लिहिली नसली तरी. इथं थोरला "मी मोठ्या मनानं देतोय" म्हणतो ते साफ खोटं, तो शेजारधर्म नव्हे. पण धाकट्यानंही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वाट कुठून द्यायची ते ठरवायचा मान थोरल्याचा, फक्त ती वाजवी सोयीची असली पाहिजे. तुम्हाला मधूनच हवी म्हणून मधून मिळणार नाही. आणि उद्या धाकट्याच्या रानाला दुसऱ्या अंगानं स्वतःचा रस्ता मिळाला तर गरज संपते आणि गरजेची वाटही संपते. "जवळ पडतं" हे गरजेत बसत नाही.

हक्क आणि परवानगी यांतला फरक सगळ्यात जास्त झोंबतो तो जमीन विकली जाते तेव्हा. परवानगी त्या दोन माणसांमधली. तात्यांनी रान विकलं तर घेणाऱ्यावर तात्यांचं "जा" बंधनकारक नाही, तो दुसऱ्या दिवशी तार ओढू शकतो. अण्णांनी विकलं तर त्यांच्या गिऱ्हाइकाला ती परवानगी आपोआप मिळत नाही. हक्काची वाट मात्र जमिनीला चिकटलेली असते, मालक कितीही बदलोत. आजोबांनी आणि तात्यांनी साठ वर्षं गुण्यागोविंदानं चालवलेली वाट पुण्याच्या कुणीतरी फार्महाउससाठी रान घेतल्याबरोबर बंद होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

हक्क असला तरी कसलाही कारभार करता येत नाही. पायवाटेच्या हक्कात गाडीवाट येत नाही. गावनकाशावरही एक तुटक रेघ पायवाटेची आणि दोन तुटक रेघा गाडीवाटेच्या, हा फरक केलेला असतो. उसाला भाव आला म्हणून डोक्यावरून भारे नेण्याच्या वाटेवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घालणं म्हणजे समोरच्याच्या रानावर नवा बोजा टाकणं. त्याला हक्क म्हणत नाहीत.

तहसीलमध्ये अर्ज करताना होणारा गोंधळ मी थोडक्यात उरकतो. वाट चालू होती आणि कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६चं कलम ५. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं. वाट नव्हतीच आणि बांधावरून हवी आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६चं कलम १४३. एकाच अर्जात दोन्ही कलमं घालणारे अर्जनवीस भेटतात, त्यांना पैसे देऊ नका. जी वाट "पूर्वापार चालू" आहे तीच "नव्यानं द्यावी" असं लिहिलं की समोरचा वकील खूश होतो. शिवाय कलम ५ खाली तहसीलदारांनी अडथळा काढायला लावला म्हणजे कायमचा हक्क ठरला असंही नाही. दिवाणी कोर्टाचा दरवाजा उघडाच असतो. पाण्याचं प्रकरण निराळं. शेजाऱ्याच्या रानातून पाट किंवा पाइपलाइन न्यायची आणि तो नाहीच म्हणत असेल, तर संहितेचं कलम ४९ आहे. पाट दीड मीटरपेक्षा रुंद नको, पाइप निदान अर्धा मीटर खोल.

मग वाट देणाऱ्यानं काय करावं? माझं मत पक्कं आहे, लिहून द्यावं. "आमच्यात कुठं लिहायची पद्धत" हे पालुपद मला अजिबात मान्य नाही. वहीच्या एका पानावर, साध्या मराठीत: गट नंबर अमुकमधून पूर्वेच्या कडेनं, सुगी झाल्यावर, अमुक यांना माझ्या परवानगीनं जाऊ देत आहे, ही परवानगी मी कधीही परत घेऊ शकतो. खाली दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. या कागदामुळं संबंध बिघडतात असं म्हणणाऱ्यांनी कागद नसलेल्या वाटांवरून फुटलेली डोकी मोजावीत. आणि एक जपावं. परवानगी घेणाऱ्याला तुमच्या रानात पक्कं काम करू देऊ नका. तुमच्या होकारावर विसंबून त्यानं स्वतःच्या खर्चानं ओढ्यावर सिमेंटची मोरी बांधली, आणि तुम्ही बांधताना बघत उभे राहिलात, तर ती परवानगी मागं घेता येत नाही. मोरी हवीच असेल तर तुम्ही बांधा, पैसे त्याच्याकडून घ्या, आणि तेही त्याच पानावर लिहा.

उलट, कायमची वाट द्यायचीच असेल तर नोटरीच्या शिक्क्यावर भागवू नका. कायमचा हक्क म्हणजे दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला दस्त, रुंदी फुटात, दिशा नकाशावर, आणि मग सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात नोंद. शेतरस्त्यांच्या नोंदी त्या रकान्यात घ्याव्यात असं मे २०२५च्या शासन निर्णयातही आलं आहे.

मागच्या अंगाचं रान विकत घेणाऱ्यांसाठी शेवटचं. एजंट म्हणेल, "रस्त्याचं टेन्शन नाही, वर्षानुवर्षं गाड्या जातात." गाड्या जातात हे तुम्हालाही दिसतंय. तुम्ही पुढच्या रानाच्या मालकाकडं जा, ओट्यावर बसा आणि विचारा की हे लोक तुम्हाला विचारून जातात की न विचारता. तो "विचारून" म्हणाला तर त्याच्याशी दस्त झाल्याशिवाय इसार देऊ नका.