पर्जन्य रडार (पुण्यातील वापर)

पर्जन्य रडार : पावसाच्या थेंबांवर आपटून परतणाऱ्या सूक्ष्मतरंगांवरून सरीचे स्थान, जोर व वाटचाल ठरवणारी यंत्रणा. घराबाहेर पडण्यापूर्वी मोबाइलवर तिचे चित्र पाहणे पुण्यात आता अंगवळणी पडले आहे.

रडारने पाऊस प्रथम केव्हा टिपला, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धात विमानांचा माग काढताना पडद्यावर उमटणारे सरींचे ठिपके आधी अडथळाच मानले जात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील फेब्रुवारी १९४१ मधील नोंद सामान्यतः पहिली मानतात. काहींच्या मते असे ठिपके १९४० मध्येच दिसले असावेत. तारखेनिशी सांगितली जाणारी १९४१ चीच नोंद धरणे बरे. भारतात डॉप्लर रडार (थेंबांचा वेगही मोजणारे) प्रथम चेन्नईस २००२ मध्ये बसले.

परतलेल्या तरंगांचे बळ थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते; २ मिमी. व्यासाचा एक थेंब १ मिमी.च्या ६४ थेंबांइतका ठळक दिसतो. हे बळ डीबीझेड या एककात मोजतात. या बळावरून पावसाचा जोर काढणाऱ्या मार्शल-पामर सूत्रानुसार (१९४८) ४० डीबीझेड म्हणजे ताशी सुमारे १२ मिमी. पाऊस. गारा असल्यास हा हिशेब फसतो.

पुण्याची खरी अडचण सह्याद्रीची आहे. मुंबईतील कुलाब्याचे रडार पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे १२० किमी. दूर आहे. अर्धा अंश कोनात सोडलेला झोत, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, पुण्यावर येईतो जवळजवळ दोन किमी. उंच गेलेला असतो. त्याच्या खालच्या कडेला वाटेतले डोंगर अडवतात ते वेगळेच. त्यामुळे जुलैतील बुटक्या ढगांची भुरभुर कर्वे रस्ता भिजवत असतानाही चित्र कोरे राहू शकते. वळवाचे ढग मात्र दहा-बारा किमी. उंच चढतात; ते स्पष्ट दिसतात. म्हणून एप्रिल-मे व ऑक्टोबरमध्ये हे साधन भरवशाचे, ऐन पावसाळ्यात जपून वापरायचे.

‘थेट’ हा शब्दही सैलपणे वापरला जातो. चित्र हाती येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे उलटतात. ताशी ३० किमी. वेगाची सर दहा मिनिटांत पाच किमी. सरकते, म्हणजे कात्रजला दिसणारा लाल डाग (जोरदार सर) तोवर स्वारगेटच्या जवळ पोचलेला असू शकतो. एका चित्रापेक्षा लागोपाठची तीन-चार चित्रे पाहणे केव्हाही चांगले. काही ॲपमधील ‘रडार’ तर प्रत्यक्षात उपग्रह वा संगणकीय प्रारूपावरचा अंदाज असतो.

रडार पाऊस दाखवते, पाणी नव्हे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेला पाऊस आंबील ओढ्यातून सहकारनगर-अरण्येश्वर भागात शिरला. मुठेकाठच्या वस्त्यांना तर चित्राबरोबरच खडकवासल्याच्या विसर्गाचे क्युसेकमधील (सेकंदाला घनफूट) आकडेही पाहावे लागतात.