तीन गोळ्यांची गॅरंटी

अमेरिकेत शिकारीच्या रायफलींच्या जाहिराती बघितल्या की एक शब्द हमखास दिसतो, ‘सब-एमओए गॅरंटी’. एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग, आणि 100 यार्डांवर म्हणजे साधारण 91 मीटरवर तो भरतो 2.66 सेंटीमीटर, आपलं दहाचं नाणं धरा ना. म्हणजे कंपनी सांगते की सगळ्या गोळ्या तेवढ्यात बसतील. ऐकायला भारीच वाटतं, पण सगळ्या म्हणजे किती?

वेदरबी या अमेरिकन कंपनीच्या व्हॅनगार्ड रायफलीची गॅरंटी नीट वाचली तर त्यात लिहिलंय 3 गोळ्यांचा ग्रुप, 100 यार्डांवर 0.99 इंच किंवा कमी, आणि तोही कंपनीच्या किंवा प्रीमियम गोळ्या वापरल्या तर. ग्रुप मोजायचा म्हणजे सगळ्यात लांब पडलेल्या दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. सगळी गोम या मोजण्याच्या पद्धतीत आहे.

घरी करून बघा. कागदावर एक फुली मारा, कागद जमिनीवर ठेवा आणि कमरेच्या उंचीवरून पेन्सिल टोक खाली धरून फुलीवर सोडा. तीनदा सोडली की सगळ्यात लांबच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा, मग त्याच कागदावर अजून सात वेळा सोडा आणि परत मोजा. अंतर एकतर तेवढंच राहील नाहीतर वाढेल, कमी होणं शक्यच नाही, कारण आधीचे ठिपके काही पुसले जात नाहीत. तुमचा हात तोच, पेन्सिल तीच, तरी ‘ग्रुप’ मोठा झाला.

रायफलचंही तसंच. वारा नाही, नेमबाजाची चूक नाही असं धरून नुसतं गणित केलं तरी जी रायफल 3 गोळ्यांत सरासरी 1 इंचाचा ग्रुप देते तीच 5 गोळ्यांत सरासरी सव्वा इंच आणि 10 गोळ्यांत जवळपास 1.6 इंच देते. तीच नळी, तीच काडतुसं, फक्त जास्त गोळ्या.

आणि 3 गोळ्यांत नशिबाचा वाटा खूपच मोठा असतो. समजा एखाद्या रायफलची 3 गोळ्यांची सरासरी दीड इंच आहे, म्हणजे गॅरंटीत न बसणारी, तरी गणितानं तिचे शंभरातले 18-19 ग्रुप 1 इंचाच्या आत येतात. पाच ग्रुप मारा, त्यातला एकतरी इंचाच्या आत येण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास, आणि लोक नेमकं तेच टार्गेट घडी करून पाकिटात ठेवतात आणि मित्रांना दाखवतात. म्हणून गॅरंटीत ग्रुप किती मारायचे, सरासरी धरायची की सगळ्यात चांगला, हे लिहिलेलं नसेल तर मला ती अर्धवटच वाटते.

म्हणजे गॅरंटी खोटी आहे का? नाही, तसं मी म्हणणार नाही. खरंच वाकडी-तिकडी नळी असलेली रायफल परत करायला तुमच्या हातात कागद असतो, ही छोटी गोष्ट नाही. आणि शब्द वाचले तर फरकही कळतो. फिनलंडमधल्या रीहिमाकीला एकाच कंपनीकडे साको आणि टिक्का दोन्ही बनतात, टिक्काला 1 एमओएची गॅरंटी 3 गोळ्यांची आणि साकोच्या आता बंद झालेल्या 85 मॉडेलला 5 गोळ्यांची होती. आकडा एकच दिसतो पण साकोची अट साधारण पाव पटीनं कडक होती, आणि हे दुकानात कोणी समजावून सांगत नाही.

राहिली ती गोळ्यांची अट, कंपनीच्या किंवा प्रीमियमच वापरायच्या, ती मात्र उगाच नाही. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर ब्राँझ घेतलं, त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. या खेळातले वरचे नेमबाज एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्यासुद्धा डोळे झाकून घेत नाहीत, आपली नळी टेस्ट रेंजवर घेऊन जातात, शिकंज्यात पक्की बसवतात आणि एकेका लॉटचे, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेचे, 10-10 गोळ्यांचे ग्रुप मारून बघतात, मग जो लॉट त्या नळीला मानवला त्याचेच खोके विकत घेतात.